उलट्या पिळाचा अंगरखा

सूड घ्यायचा हे सुकुमार मगदूमनं ठरवलं ते भर चौकात, सकाळी साडेनऊला, एका फ्लेक्ससमोर उभं राहून.

फ्लेक्स बत्तीस फुटी होता. ‘इचलकरंजीची शान, आपली महाभुज जुबेदा नदाफ यांच्याकडून दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ असा मजकूर, आणि खाली जुबेदा अख्खा यंत्रमाग डोक्यावर तोलून हसतेय. सुकुमार आधी नुसताच बघत होता. काहीतरी खटकत होतं. मग त्याचं लक्ष चित्रातल्या खांद्यावरून सुटलेल्या लाल शेल्याकडे गेलं. जुबेदा शेला घालत नाही. तो शेला त्याचा होता. महाभुजाच्या पाठीवर काहीतरी फडफडलं पाहिजे असा हट्ट धरून त्यानंच तो शिवून घेतला होता; पुढे तो एकदा चालू मागात अडकला आणि त्याचाच गळा आवळला गेला, ती गोष्ट वेगळी. फ्लेक्सवाल्यानं आळस केला होता. चार वर्षांपूर्वीचं सुकुमारचं चित्र काढून त्यानं फक्त मुंडकं बदललं होतं.

“दंड माझे आणि तोंड तिचं,” सुकुमार मोठ्यानं म्हणाला.

शेजारच्या चहावाल्यानं ते ऐकलं. “अकराभाऊ, चहा घेणार काय? बसा, अकरा मिनिटांत देतो,” असं म्हणून तो गिऱ्हाइकांकडे बघून हसला आणि गिऱ्हाइकंही हसली. तीन वर्षं हीच थट्टा चालली होती आणि गावाला तिचा कंटाळा येत नव्हता. सुकुमार चहा न घेताच निघाला. घरी पोचेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

हे अकराभाऊ नाव कसं पडलं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी अंगरखा सांगायला हवा.

अंगरख्यात जादू काही नाही. नायलॉनचा साधा धागा घ्या, मासे धरायच्या गळाला असतो तसा. त्याला पीळ देत जा. एक वेळ अशी येते की धागा आणखी पीळ घेत नाही आणि स्वतःभोवती वेटोळी घालू लागतो. हा वेटोळलेला धागा तापवला की आखडतो, निवला की पूर्ववत होतो. आखडताना त्याला इतका जोर येतो की तेवढ्याच वजनाच्या माणसाच्या स्नायूच्या शंभरपट ओझं तो ओढतो. परदेशातल्या प्रयोगशाळांनी हे शोधून तीस वर्षं होऊन गेली होती. पण प्रयोगशाळेत वीतभर धागा करणं वेगळं आणि कोसच्या कोस एकसारख्या पिळाचं सूत काढणं वेगळं. ते दुसरं काम ज्यांच्या हातात पिढ्यान् पिढ्या होतं त्या गावानं ते केलं. सुताच्या आत केसाएवढी तार घालून ती बॅटरीवर तापवायची, अशा नऊ-नऊशे सुतांचा एकेक दंड विणायचा, आणि तो अंगावर चढवायचा. दहा जणांना न हलणारा स्लॅब एक माणूस उचलायला लागला. गावातल्या मागवाल्यांनी मिळून महाभुज मंडळ काढलं, आणि पडक्या शेडपासून पंचगंगेच्या पुरापर्यंत कुठेही माणूस अडकला की अंगरखा धावायला लागला.

यात एक मेख होती. पीळ ज्या दिशेचा, त्याच दिशेनं वेटोळी घातली तर सूत तापल्यावर आखडतं. वेटोळी उलट दिशेनं घातली तर नेमकं उलटं होतं. सूत तापल्यावर सैल पडतं आणि निवताना आवळतं. हे उलटं सूतही लागायचं, पण फक्त पंजाला. बॅटरी संपली तरी धरलेला माणूस हातातून सुटू नये म्हणून. दोन्ही सुतं डोळ्यांना अगदी सारखी. म्हणून सुलट्याला हिरवा आणि उलट्याला गुलाबी असा कच्चा रंग द्यायचे, पाण्यानं धुतला की निघून जाणारा. हे सगळं सूत गावात एकाच ठिकाणी पिळलं जायचं. ते ठिकाण म्हणजे पद्माक्काची शेड. पद्माक्का सुकुमारची थोरली बहीण. तिला रंग लागत नसे. ती अंगठा आणि तर्जनीत सूत धरून डोळे मिटून सांगायची, सुलटं का उलटं.

सुकुमार हा पहिला महाभुज. नावाप्रमाणेच नाजूक प्रकृतीचा होता, पण अंगरखा चढवला की त्याला आभाळ ठेंगणं व्हायचं. पाच वर्षांत त्यानं एकोणचाळीस माणसं बाहेर काढली, हे खरं आहे. प्रत्येक वेळी कॅमेरा कुठे आहे हे आधी बघून काढली, हेही तितकंच खरं. चाळिसावा माणूस गणपा जॉबर. एका रंगाईच्या शेडचा स्लॅब खाली आला आणि माग दुरुस्त करणारा गणपा त्याच्याखाली गुडघ्यापर्यंत सापडला. सुकुमार दहा वाजून सात मिनिटांनी पोचला. बातम्यांची गाडी अजून नाक्यावरच होती. सुकुमारनं शेला नीट केला, केसांवरून कंगवा फिरवला, आणि पडझडीचा अंदाज घेतल्यासारखं करत इकडून तिकडे फिरला. दहा अठराला गाडी आली आणि त्यानं स्लॅब उचलला. टाळ्या पडल्या. गणपा वाचला, त्याचा पाय वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांचा उशीर झाला नसता तर कदाचित. त्यातली चार मिनिटं रस्त्याची होती.

हे कुणाला कळलंही नसतं. पण अंगरख्याच्या आत एक नोंदयंत्र असतं. केव्हा तापला, केव्हा उचललं, सगळं त्यात राहतं, आणि ते यंत्र सांभाळायची जुबेदा. पिंजाऱ्याची मुलगी, तेव्हा तेवीस वर्षांची, सुकुमारच्या हाताखाली तयार झालेली, त्याला दादा म्हणणारी. चौकशीत तिनं उभं राहून नोंद वाचली. आवाज चढवला नाही, काही जोडलं नाही. दहा सात, अंगरखा हजर. दहा अठरा, ताप सुरू. मधे काही नाही. एवढं वाचून ती खाली बसली. सुकुमारचं पद गेलं, सत्कार गेले, ठरत आलेलं लग्न मोडलं. दोन वर्षांनी मंडळानं अंगरखा जुबेदाला दिला.

सुकुमारच्या हिशेबी गुन्हेगार एकच होती. अकरा मिनिटं त्याची होती हे तो कधीतरी, पोट भरलेलं असताना, मान्य करायचा. पण ती चव्हाट्यावर मांडली तिनं. शिकवलेली पोर उलटली, असं तो तीन वर्षं स्वतःला सांगत होता, आणि राग असा जपत होता की कुणी बाळसं धरलेलं लेकरूही इतकं जपत नाही. पद्माक्कानं त्याला शेडमध्ये काम दिलं होतं. तो सूत रंगवायचा, मोजायचा, लडी बांधून पोचवायचा. पोट सुटलं होतं. आक्का एकदाच बोलली होती त्याला. गणपामामाच्या घरी जाऊन ये, म्हणाली होती. तो गेला नव्हता.

आता सूड. माणसाला मारायचं सुकुमारच्या मनात नव्हतं. त्याला फक्त गावासमोर तिची फजिती हवी होती. दसऱ्याला मैदानावर मंडळाचा कार्यक्रम असायचा. महाभुज जुना लोखंडी माग उचलून दाखवणार, सगळं गाव बघायला येणार. त्या क्षणी दंड आवळण्याऐवजी सैल पडले तर? माग जागचा हलणार नाही, बाई लोंबत्या हातांनी उभी राहील, आणि मग गाव तिलाही काहीतरी नाव ठेवेल. या कल्पनेवर तो आठवडाभर जगला. रात्रीची झोप सुधारली, जेवणही वाढलं.

काम सोपं होतं ते एका रिवाजामुळे. या गावात खंडेनवमीला माग बंद असतात. यंत्राला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, पेढा ठेवायचा आणि हात जोडायचे. चालू करायचं नाही. यंत्रालाही वर्षातून एक दिवस विसावा पाहिजे, ही त्यामागची माया. अंगरखाही यातून सुटला नव्हता. दरवर्षी नवमीच्या सकाळी त्याच्या दंडांत नवं सूत ओवायचं, तेही वीज बंद ठेवून, हातानं, पूजेचाच भाग म्हणून. मग दसऱ्याला मैदानावर आरती होईतो बटण दाबायचं नाही. एरवी जुबेदा रोज सकाळी वाळूची पोती उचलून अंगरखा तपासायची. या दोन दिवसांत तपासायला मिळावं म्हणून तिनं मंडळाकडे अर्जही केला होता. जुनी मंडळी म्हणाली, पूजेला बसवलेल्या यंत्राची परीक्षा घेत नसतात.

सुकुमारनं अष्टमीला गुलाबी लडी धुतल्या आणि हिरव्या रंगवल्या. नवमीला सकाळी पिशवी घेऊन तो अंगरख्याच्या शेडवर गेला. गेटवर गणपा होता. पाय गेल्यावर मंडळानं त्याला तिथे राखणदार म्हणून बसवलं होतं. तीन वर्षं सुकुमार त्या गेटवरून खाली मान घालून जायचा आणि गणपाही काही बोलायचा नाही. त्या दिवशी गणपानं पिशवी उघडून एक लड हातात घेतली, परत ठेवली, आणि सुकुमारच्या बोटांकडे बघितलं. नखांच्या कडेला गुलाबी राहिलं होतं.

“हात धुऊन आत जा,” गणपा म्हणाला. “पूजा हाय.”

सुकुमारनं हात धुतले. आत जुबेदानं केस बांधून, पाटावर बसून, नऊशे आणि नऊशे सुतं एकेक करून स्वतःच्या हातानं ओवली. वर हळदकुंकू वाहिलं. तो निघाला तेव्हा त्याला म्हणाली, दादा, पेढा घ्या. त्यानं घेतला, आणि रस्त्यात खाल्लाही. चांगला होता.

दसऱ्याला दुपारी चारला मैदान फुलून गेलं. सुकुमार इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसला होता, शेजारी पद्माक्का. मैदानाच्या कडेला जुन्या सूतगिरणीचं कार्यालय होतं, दुमजली, वापरात नसलेलं. त्याच्या सज्ज्याखाली सावलीत गणपा आपट्याच्या पानांची टोपली घेऊन बसला होता. येणाऱ्याला पान देत होता. सुकुमारही येताना तिथून आला होता. गणपानं त्यालाही पान दिलं होतं.

आरती संपली. जुबेदानं अंगरखा चढवला. वीसेक माणसं वरून नीट दिसावं म्हणून त्या सज्ज्यावर चढली, मग आणखी वीसेक. सज्जा खाली आला.

आवाज फार मोठा झाला नाही. धूळ उठली. वरची माणसं स्लॅबसकट घसरत खाली आली आणि खरचटून, लंगडत बाहेर पडली. जीव कुणाचा गेला नाही. पण स्लॅबचं एक टोक भिंतीला आणि एक टोक जमिनीला टेकलं होतं, मधल्या फटीत आपट्याची पानं सांडली होती, आणि कुणीतरी ओरडलं की गणपामामा खाली हाय. जुबेदा व्यासपीठावरून उडी टाकून धावली. गर्दी मागे हटवली. तिनं भिंत बघितली, टेकू बघितले, वाकून आत आवाज दिला. उत्तर आलं नाही. स्लॅब एकेक बोट खाली बसत होता. तिनं दोन्ही दंडांचे पट्टे तपासायला सुरुवात केली.

सुकुमार खुर्चीतच होता. त्याला आनंद झाला होता. लिहायला बरं वाटत नाही, पण झाला होता. माग उचलताना फजिती झाली असती तर गाव दोन दिवस हसलं असतं. इथे ती सगळ्या गावासमोर, खऱ्या माणसापुढे, हात लोंबते ठेवून उभी राहणार होती. तिचीही मिनिटं मोजली जाणार होती. त्याच्या छातीत तीन वर्षांचं काहीतरी मोकळं होत होतं आणि त्याला ते संपू नये असं वाटत होतं. गणपा खाली आहे हे त्याला माहीत होतं. माहीत असून तो बसला होता. तिनं स्लॅब धरून अर्धवट हलवला आणि दंड सैल पडले तर तो गणपाच्या छातीवर येईल, हेही त्याला माहीत होतं.

पद्माक्का त्याच्याकडे बघत होती. गर्दीकडे नाही, त्याच्याकडे. “सुकू,” ती म्हणाली, “फळीवरच्या गुलाबी लडी कुठं गेल्या?”

तो जुबेदाच्या हातांकडे बघत राहिला.

जुबेदानं स्लॅबखाली हात घातले. ताप सुरू झाल्याचा हिरवा दिवा तिच्या दंडावर लागायच्या आत सुकुमार उठला, खुर्ची पडली, आणि तो ओरडला. हात लावू नको. सूत उलटं आहे. मी बदललंय.

सगळं मैदान त्याच्याकडे वळलं. चौकशीत बोलला नव्हता इतकं स्पष्ट तो आता बोलला, धावत धावत, धापा टाकत. दोन्ही दंडांत गुलाबी आहे, तापवलंस तर सुटेल, मामा मरेल. कुणीतरी त्याची कॉलर धरली. जुबेदानं ती सोडवायला लावली. तिच्या चेहऱ्यावरचा राग बघून त्याला वाटलं, आता ती त्याला फाडून खाणार. तिनं तसं काही केलं नाही. अंगरख्याचे हुक काढले आणि तो त्याच्या अंगावर फेकला.

“घाला,” ती म्हणाली. “तुमचं सूत हाय, तुमचे हात घाला त्यात. मी माझ्या माणसाचा जीव तुमच्या पापावर टेकवणार न्हाई. सांगा कसं उचलायचं.”

कसं उचलायचं ते त्यालाच माहीत होतं, कारण उलट्या सुताचा विचार त्यानं आठवडाभर केला होता, वाईट हेतूनं का होईना. सूत तापवून सैल करायचं. सैल झालेलं ओढून घट्ट बांधायचं. मग वीज बंद करून निववायचं. निवताना ते आवळेल आणि स्लॅब वर येईल. एकदा निवलं की बॅटरीशिवाय धरून राहील. फक्त हवेवर निवायला दहा मिनिटं लागली असती आणि स्लॅब तेवढा थांबणार नव्हता. पाणी पाहिजे होतं. पण एकदम ओतलं तर एक दंड आधी आवळेल, स्लॅब तिरका होईल. थोडं थोडं, दोन्ही बाजूंना सारखं ओतायला हवं.

अंगरखा त्याच्या पोटावर बसेना. हुक वीतभर दूर राहिले. पद्माक्का आली, तिनं कमरेचं सुताचं वेटोळं काढून दोन्ही कडा मागून आवळल्या आणि विणकराची गाठ मारली.  तो पालथा होऊन फटीत सरकला, कोपरं टेकली, स्लॅबच्या कडेला पंजे लावले. ताप सुरू केला. दंड सैल पडले. आक्कानं एकेक पट्टा ओढून बांधला. मग त्यानं वीज बंद केली आणि म्हणाला, ओता.

मैदानावर नळ नव्हता. होतं ते प्रसादाचं ताक, सरबताची दोन पिंपं आणि बर्फाच्या गोळ्यांच्या गाड्या. गाव ते घेऊन धावलं. पहिला तांब्या ताकाचा होता, कढीपत्त्यासकट. दुसरा कोकम सरबताचा. आक्का त्याच्या पाठीशी गुडघे टेकून बसली, एक हात या दंडावर आणि एक त्या, डोळे मिटून. बोटांना सूत आवळताना कळत होतं तसं सांगत होती, उजवीकडं, थांबा, आता डावीकडं, बर्फ नको, ताक चालेल. एरवी हे बघून गाव पोट धरून हसलं असतं. कुणी हसत नव्हतं.

त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर गणपाचं तोंड होतं, चुन्यानं पांढरं झालेलं. डोळे उघडे होते. स्लॅब बोटभर वर सरकल्यावर गणपानं तोंडातला चुना थुंकला.

“आलास?” तो म्हणाला.

“आलो मामा.”

“बोटं धुतलीस का रं?”

सुकुमारच्या मानेवरून ताक ओघळत होतं. 

“मला लडीवरनंच कळलं हुतं,” गणपा हळूहळू, श्वास घेत बोलत होता. “चाळीस वर्सं सुतात काढली, मला काय उलटं-सुलटं कळत न्हाई? म्हटलं, जाऊ दे आत. पडू दे ते महाभुज एकदा तोंडावर. तू असशील, ती पोरगी असंल, मला काय त्याचं. पाय घालवून मला गेटवर बसवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. लई राग हाय माझा. तुझ्यापरीस जास्त.” त्यानं पुन्हा चुना थुंकला. “फकस्त माझ्याच टाळक्यात येईल असं वाटलं नव्हतं. ओरडून सांगावं म्हटलं तर तोंडात चुना.”

“माफ करा मामा.”

“ते नंतर बघू. धर नीट.”

सुकुमारनं धरला. कॅमेरे आले होते, त्याला ते दिसत नव्हते. कुणी दाखवलं असतं तरी मान वळवता आली नसती. स्लॅब वीतभर वर आला तेव्हा जुबेदा बाजूनं आत शिरली, तिनं गणपाच्या काखेत हात घातले आणि त्याला बाहेर ओढलं. बरगड्या दोन मोडल्या होत्या. लाकडी पाय आतच राहिला.

सुकुमार मात्र अडकला. सूत निवून गच्च आवळलं होतं आणि ते सोडवायला तापवावं लागणार होतं. बॅटरीत सरबत गेलं होतं. टेकू लावून त्याला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही हात कोपरात वाकलेले, छातीशी, कुणापुढे हात जोडल्यासारखे. पोलीस आले, त्यांनाही त्या हातांत बेड्या घालता येईनात. आक्कानं घरून इस्त्री आणवली आणि सूत हलकेच तापवून एकेक दंड सैल केला. तेवढा वेळ तो ताकात भिजलेला, मैदानाच्या मधोमध बसून होता. लोक लांबून बघत होते. त्या दिवशी त्याला कुणी अकराभाऊ म्हटलं नाही, आणि दुसरंही काही म्हटलं नाही.

पोलिसांचं त्यांचं चालू राहिलं. मंडळाची चौकशी पंधरा दिवसांनी बसली, त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलापाशी. पद्माक्का मागच्या बाकावर होती. इतक्या दिवसांत तिनं त्याला दोन वेळचं वाढलं होतं आणि एक शब्द बोलली नव्हती. गणपा कुबड्या घेऊन दाराशी बसला होता. जुबेदानं उभं राहून नोंद वाचली, मागच्यासारखीच, आवाज न चढवता. चार बावीस, ताप सुरू. चार तेवीस, ताप बंद. चार सत्तावीस, स्लॅब वर. मधे थांबल्याची नोंद नाही. ती बसली. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, पण नोंद त्याच्या बाजूची होती आणि तिनं ती पूर्ण वाचली.

हॉलमधलं वारं फिरलं. अध्यक्ष म्हणाले, गुन्हा मोठा आहे, अंगरख्याला पुन्हा हात लावायचा नाही हे तर झालंच. पण माणसानं वेळ न दवडता, स्वतःहून, सगळ्या गावासमोर कबूल केलं आणि जीव धोक्यात घातला, हेही निकालात आलं पाहिजे. दोन-चार जणांनी माना हलवल्या. कुणीतरी टाळीही वाजवली. वेळ न दवडता, हे शब्द कारकुनानं लिहून घेतले. सुकुमारला आणखी काही सांगायचंय का, असं रीतीप्रमाणे विचारलं गेलं.

नाही म्हणाला असता तर तिथेच संपलं असतं. तीन वर्षं ज्यासाठी जळला ते चांगलं नाव, अर्धंमुर्धं का होईना, टेबलावर त्याच्यासमोर होतं, आणि ते उचलायला कसलाच जोर लागणार नव्हता.

तो उठला. “वेळ न दवडता हे खोडा,” तो म्हणाला. “सज्जा पडल्यावर मी लगेच उठलो नाही. मामा खाली आहेत हे मला ठाऊक होतं. मी खुर्चीत बसून होतो. ही पोरगी तोंडावर पडायची वाट बघत होतो. ते कुठल्या यंत्रात नाही, कारण मी अंगरख्यात नव्हतो. दोन मिनिटं होतो. लिहून घ्या.”

 जुबेदानं पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघितलं. कारकुनानं पेन थांबवून विचारलं, दोन मिनिटं लिहू ना?

“अडीच,” दाराशी बसलेला गणपा म्हणाला. “मी खालनं मोजत हुतो.”

सुकुमारनं त्याच्याकडे बघितलं, मग कारकुनाकडे.

“अडीच लिहा,” तो म्हणाला.